दवाखान्याची साडी

आमच्याकडे डॉक्टरकडे जायचं म्हणजे नटून जायचं. मुंबईत आई न्हाऊन, अंबाडा घालून, ठेवणीतली हिरवी साडी नेसून जायची. डॉक्टर मोठा माणूस, त्याच्यापुढे गबाळं उभं राहायचं नाही, हा तिचा नियम. तिथला आमचा डॉक्टर पारशी होता. तो तिची सगळी हकिकत ऐकून घ्यायचा, मग छातीला नळी लावायचा आणि डोसाच्या खुणांची कागदी पट्टी चिकटवलेली बाटली हातात द्यायचा.

मुंबई सोडून इस्राएलात रामल्याला आल्यावर चौथ्या वर्षी तिला धाप लागायला लागली. चार पायऱ्या चढली तरी दाराशी बसायची. संध्याकाळी पाय सुजायचे, बोट दाबलं की खळगा तसाच राहायचा. मी तेव्हा एकोणीस वर्षांची, शिवणाच्या कारखान्यात कामाला होते. घरात धड हिब्रू मलाच यायचं, म्हणून तिला दवाखान्यात न्यायचं माझ्यावर आलं.

तिने पेटीतून हिरवी साडी काढली. पाटल्या घातल्या, दारातल्या डब्यात लावलेल्या मोगऱ्याची दोन फुलं माळली. दवाखान्याच्या चौकटीवर मेझुझा होता, आम्हा यहुद्यांच्या दारावर असते ती पवित्र लेखाची डबी. आईने त्या डबीला बोटं लावून ती ओठांशी नेली.

"बघितलंस? इथला डॉक्टर पण आपलाच," ती म्हणाली. किती कौतुक होतं त्या आवाजात!

आपल्या डॉक्टरने एकदाच मान वर केली. आई बसली, पदर सावरला आणि मुंबईसारखी पहिल्यापासून सांगायला लागली. "डॉक्टरसाहेब, काय झालं, शनवारच्या आधी मी कपडे धूत होते..." मी भाषांतराला तोंड उघडलं, तोवर त्याने चिठ्ठी लिहायला घेतली होती. नर्सकडे बघून तो हिब्रूत म्हणाला, "एवढी सजून आलेली बाई आजारी असते का? हिला लग्नाला उशीर होत असेल." दोघंही हसले.

"काय म्हणाले गं साहेब?" आईने विचारलं. तीही हसत होती.

पण तिच्या त्या तोंडाकडे बघून मला खरं सांगवेना. मी म्हणाले, "साडी छान आहे म्हणतात. काळजी करू नका, ह्या गोळ्यांनी बरं वाटेल."

त्या गोळ्या डोकेदुखीच्या होत्या.

दुसऱ्या खेपेलाही तेच. ती सांगत राहिली, तो लिहीत राहिला. म्हणाला, तुम्हा हिंदुस्थानी लोकांचं सगळंच दुखतं. मी आईला सांगितलं, "पुन्हा दाखवायला या म्हणतात." ती घरी येऊन शेजारणींना म्हणाली, आमचा डॉक्टर फार मायाळू आहे. बाबांनी दुसरीकडे दाखवू या म्हटलं, तर त्यांच्यावरच रागावली.

तिसऱ्या खेपेला मी हट्टाने तिला घरातलं विटकं पातळ नेसवलं, पाटल्या काढून ठेवल्या. सबंध रस्ताभर ती ओशाळून पदर पुढे ओढत होती. या वेळी त्याने मानही वर केली नाही. मी म्हटलं, "डॉक्टर, तिचे पाय तरी बघा." त्याने त्याच गोळ्या लिहिल्या आणि दाराकडे बघून पुढच्या माणसाला हाक मारली. मी टेबलावर हात आपटायला हवा होता. त्याऐवजी मी त्याचे आभार मानले. मुंबईचं वळण, दुसरं काय!

"आज जरा घाईत होते साहेब," मी बाहेर येऊन सांगितलं.

"माझ्या ह्या अवताराने त्यांना वाईट वाटलं असेल," आई म्हणाली.

महिन्याभरात ती न्हाणीघरात कोसळली. इस्पितळातल्या डॉक्टरणीने या देशात पहिल्यांदा तिच्या छातीला नळी लावली. बराच वेळ ऐकलं, पाय दाबून बघितले आणि माझ्याकडे वळून विचारलं, "हृदय थकलंय. इतके दिवस काय करत होता?" तीनदा गेलो होतो, मी म्हटलं. तिचा विश्वास बसला नसावा. ज्या देशासाठी बाबांनी मुंबईतली नोकरी आणि बिऱ्हाड सोडलं, त्या देशाच्या माणसाने माझ्या आईकडे एकदा धड पाहिलं नव्हतं. तो राग माझ्यात अजून आहे. पण तो डॉक्टर दगा देत होता तेव्हा त्याच्यावर पांघरूण मी घालत होते, हे मी बाबांनाही कधी सांगितलं नाही.

शेवटच्या दिवशी आई शुद्धीवर होती. रोश हशाना, आमचं नवं वर्ष, आठवड्यावर आलं होतं. तिने मला खुणेने जवळ बोलावलं.

"सणाचा हलवा करशील ना? त्यातल्या चार वड्या आपल्या डॉक्टरला नेऊन दे. आणि मी इथं आहे म्हणून कळव. मी आले नाही, तर त्यांना काळजी वाटत असेल."

मी हो म्हणाले.