भाचीला कसं विचारणार?

मॅडम लहान दवाखान्यांतल्या डॉक्टरांना गुप्तरोगांवरचे उपचार शिकवायच्या. त्या शब्दाचाच त्यांना राग. ‘गुप्त ठेवता म्हणून तर फोफावतात,’ म्हणायच्या. औषधं पटकन शिकवून व्हायची. खरा वेळ जायचा तो प्रश्न विचारायला शिकवण्यात. चांगले मिशाळ डॉक्टर ‘नवऱ्यालाही काही त्रास आहे का?’ एवढं विचारताना लाजून चूर. मागच्या खुर्च्यांवर खसखस पिकायची.

बाजारातल्या दवाखान्याचा डॉक्टर मात्र त्यांचा तयार विद्यार्थी. दार लावून घ्यायचा, खुर्ची जवळ ओढायचा आणि समोरच्याचा आब राखून सगळं विचारायचा. म्हणूनच नव्यानं लग्न झालेली भाची ‘ओटीपोटात दुखतं’ म्हणाली, तेव्हा मॅडमनी तिला त्याच्याकडे धाडलं. मावशीसमोर जीभ रेटणार नाही, परक्याला सांगेल, असा त्यांचा हिशेब.

त्यानं दुखणं थांबायच्या गोळ्या दिल्या. पुन्हा गेली, तेव्हा लघवीच्या जळजळीचं औषध दिलं. पुढे एका दुपारी भाची कामावरच कोसळली. मोठ्या इस्पितळात पोट उघडावं लागलं. दोन्ही गर्भनलिकांत पू झाला होता.

मॅडम तडक बाजारातल्या दवाखान्यात गेल्या. डॉक्टर उठून उभा राहिला.

“अंगावरून जातं का, नवऱ्याला काही होतंय का, काहीच विचारलं नाहीस?”

“मॅडम, तुमची भाची ती. तिला कसं विचारणार? तुम्हाला काय वाटलं असतं?”

दुसरी कुणीही असती तर त्यानं विचारलं असतं. हे ठाऊक असल्यामुळे मॅडमना त्याच्यावर धड रागावताही येईना.

लागण नवऱ्याकडूनच आलेली असणार, म्हणून जावयालाही औषध घ्यायला सांगितलं, तर तो उसळला, “मला काय धाड भरलीय?” आठवड्याभरात त्यानं बायकोचे कपडे पिशवीत भरून माहेरी पाठवून दिले. बहीण मॅडमना एवढंच म्हणाली, “जगाला शिकवत फिरलीस गं!” त्यानंतर तिनं बोलणंच टाकलं.

“मावशी, मला मूल होईल ना?” भाचीनं विचारलं.

“कठीण आहे, बाळा.”

भाचीनं भिंतीकडे तोंड फिरवलं. मॅडम तिच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिल्या. तिनं तो हात हळूच बाजूला केला.

पुढच्या वर्गात मॅडमनी विचारलं, “समोर ओळखीच्या घरातली मुलगी बसली असेल, तर काय कराल?”

एक जण अजिजीनं म्हणाला, “दुसऱ्या डॉक्टरकडे पाठवू, मॅडम.”

बाकीच्यांनी माना डोलावल्या.