चौकटीबाहेरची ओळ

नव्वदचं दशक संपत आलं तेव्हा मी बीडला एका सायंदैनिकात कॉम्प्युटरवर पानं लावायचो. काळ्या पडद्यावर बोटं अशी तयार झाली होती की डोळे मिटून पान लावलं असतं. अक्षर बारीक करायचं तर एफ सात दाबा, विषय संपला. मग मालकांना कुणीतरी सांगितलं, पुण्यात सगळे पानं लावायच्या सॉफ्टवेअरच्या नव्या व्हर्जनवर गेलेत. झालं! औरंगाबादहून इंजिनियर आला, नवं टाकलं, चहा प्याला आणि गेला. दुसऱ्या दिवशी बघतो तर पडद्यावर नुसती चित्रं. कात्री, बादली, हाताचा पंजा. अरे, मी पान लावायला आलोय की बालवाडीत?

सगळ्यात डोकं फिरवलं ते चौकटींनी. पूर्वी मजकूर जास्त झाला तर तो खाली लोंबायचा, पण दिसायचा तरी. आता चौकटीत मावेल तेवढंच दिसे, बाकीचं गडप. कोपऱ्यात एक बारका तांबडा ठिपका उगवायचा, बस. महिनाभर मी त्या ठिपक्याला मनातल्या मनात शिव्या घालत होतो.

अशात एक दिवस दुपारी पेठेतला एक दुकानदार आला. हातात कागद, डोळे सुजलेले.

"बाप गेला. उद्या सकाळी नऊला माती हाय," तो म्हणाला. "बहीण पाटोद्याला दिलीय. घराच्या वाटणीवरून आमचं बोलणं बंद. मी काय निरोप धाडणार न्हाई. पर तिच्या दुकानात तुमचा पेपर येतो."

एवढं बोलून तो समोरच्या बाकावर बसला. निधनाचा मजकूर त्यानं स्वतः लिहिला होता. वडील दर वर्षी कपिलधारच्या यात्रेला पायी जायचे, गावात कुणाशी वाकडं नव्हतं, असं बरंच काही. मातीची वेळ अगदी शेवटी. मी मजकूर चौकटीत टाकला आणि आला की तांबडा ठिपका! वेळेचीच ओळ गडप.

"थोडं कमी करू का?" मी विचारलं.

"माझ्या बापाचं एक अक्षर गाळायचं न्हाई."

आता आली का पंचाईत? पाटोद्याची गाडी चारला सुटायची, गठ्ठे त्याच गाडीनं जायचे. पान छपाईला द्यायची वेळ टळत चालली होती. चौकट मोठी करावी तर शेजारी पुढाऱ्याच्या वाढदिवसाची भली मोठी जाहिरात. मालकांना विचारावं तर ते त्याच पुढाऱ्याच्या सत्काराला गेलेले. शेवटी वैतागून मी जाहिरातीवर बाण नेला आणि सवयीनं एफ सात दाबलं. म्हटलं, हिचीच अक्षरं बारीक होतील. तर अख्खी जाहिरातच गेली!

इंजिनियरला फोन लावला. तो हसला. "त्यात काय? कंट्रोल आणि झेड एकदम दाबा, परत येईल."

दोन्ही बोटं बटनांवर ठेवली, पण दाबली नाहीत. पडद्यावर मोकळी जागा. निधनाची चौकट तिथवर ओढून बघितली. ठिपका गेला, खाली ओळ आली: उद्या सकाळी नऊ वाजता. मी फोन ठेवला आणि पान छपाईला दिलं.

"बसलं ना समदं?" दुकानदारानं विचारलं.

"बसलं."

संध्याकाळी मालक फेट्यासकट आले, हातात अंक. "साहेब कुठं हायत बे पानावर?"

"नव्या व्हर्जननं खाल्ले, मालक."

खोटं बोललो आणि लई बरं वाटलं. उद्यापासून यायचं नाही, एवढंच मालक म्हणाले.

सकाळी मग कामच नव्हतं, म्हणून मातीला गेलो. नऊ वाजून गेले होते. लिंगायतांच्या रीतीनं म्हाताऱ्याला खड्ड्यात बसवलं होतं, कपाळाला विभूती, गळ्यात हार. मी सारखा रस्त्याकडं बघत होतो. कुणी येईना. यासाठी नोकरी घालवली का बे, असं स्वतःलाच म्हणत होतो. दुकानदार वाकला, त्यानं मूठभर माती उचलली.

तेवढ्यात स्मशानाच्या फाटकाशी जीप थांबली. एक बाई उतरली आणि पदर सावरत पळतच आली, पण भावाला बघून चार हात लांबच थबकली. दुकानदारानं तिच्याकडं पाहिलं. बाकीच्यांनी फावडी उचलली होती.

"थांबा रे," तो म्हणाला. "माझ्या बहिणीला बघू द्या आधी."