दोनच्या आकड्यावरची तिरकी रेघ

"लिहून द्या" हे तिचं पालुपद होतं, आणि तिला स्वतःला वाचता येत नव्हतं. डॉक्टर असो, सिस्टर असो, कुणी न पटणारं काम सांगितलं की ती ओले हात पदराला पुसायची आणि म्हणायची, "लिहून द्या, करते." कुणी लिहून देत नसे. काम तिथेच राहायचं.

रत्नागिरीतल्या एका खासगी हॉस्पिटलात ती आया होती, मी स्टोअरमध्ये. सगळे तिला मावशी म्हणायचे. तुम्हीही अशी मावशी पाहिली असेल. आपण तिला फक्त "जरा बाजूला व्हा" म्हणतो. घर मिरकरवाड्याला, मासेमारी बंदराजवळ. माहेरी आणि सासरी जाळी सांधण्यात अर्धी हयात गेलेली, त्यामुळे फाटकं काही टाकायचं नाही ही सवय. तीच बाई वॉर्डात मात्र पेशंट घरी गेला की त्याचा ऑक्सिजनचा मास्क आणि नळी कात्रीने कापून लाल पिशवीत टाकायची. "झालं ह्याचं," म्हणायची.

ऑक्सिजनला जोडलेली पाण्याची बाटली मात्र ती कुणाला टाकू द्यायची नाही. ती पुन्हा वापरायचीच असते. रोज उतरवायची, धुवायची, औषधात बुडवायची, उलटी वाळत ठेवायची. एकदा एका नातेवाइकाने पाणी कमी झालं म्हणून तीत नळाचं पाणी ओतलं.

"कलमाला पाणी घालतोस काय रे? बापाच्या छातीत जातंय ते!"

एवढा मिशीवाला माणूस, पण हातातला तांब्या पाठीमागे लपवला.

काय धुवायचं आणि काय कापायचं हे तुम्हाला कसं कळतं, असं मी विचारलं तेव्हा तिने मास्कचं पाकीट माझ्यासमोर धरलं. कोपऱ्यात वर्तुळात दोनचा आकडा, त्यावर तिरकी रेघ.

"दुसऱ्यांदा नाय," ती म्हणाली. "एका जुन्या सिस्टरने शिकवलंन. मला येवढंच वाचता येतं."

मी बी.कॉम. आमच्या घरातली पहिली पदवीधर. संगमेश्वरकडच्या गावात आई दुसऱ्यांच्या खाचरात लावणीला जायची, वडील मुंबईत वॉचमन. त्या पदवीचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही. पण अशी पाकिटं ढिगाने माझ्या हातून गेली होती, आणि ते चिन्ह मी कधी पाहिलं नव्हतं.

मग हॉस्पिटल चालवणाऱ्या डॉक्टरसाहेबांचा हुकूम आला. तोंडी. यापुढे मास्क, नळ्या कापायच्या नाहीत. औषधात बुडवून वाळवायच्या, स्टोअरमध्ये नव्या पाकिटात घालून मशीनने सील करायच्या. "प्लॅस्टिकच आहे, धुतलं की झालं. पर्यावरणाचा काही विचार कराल की नाही?" पर्यावरण! मीटिंगमध्ये पाण्याची बाटली उघडून, दोन घोट पिऊन टाकून देणारा माणूस हा. मावशीने लिहून मागितलं, कुणी दिलं नाही; बुडवायचं काम दुसऱ्या आयांकडे गेलं.

आणि मी काय केलं? सील केली. नवी दिसतील अशी. वडिलांची नोकरी सुटली होती, घरात माझा एकटीचाच पगार येत होता. ही कारणं खरी आहेत. पाकिटं मी बंद केली, हेही खरं आहे.

एक दिवस मावशी असंच एक पाकीट घेऊन स्टोअरमध्ये आली.

"काय गो बाय, ह्याच्यात बघ. मास्काला केस चिकटलाय. पांढरा."

मी पाहिलं. होता.

"लावशील तुझ्या आईशीला?"

"साहेबांनी सांगितलंय, मावशी."

"लिहून दिलंन?"

पुढच्याच आठवड्यात ते घडलं. छातीच्या आजाराचा एक म्हातारा घरी गेला होता. त्याचा मास्क बुडवून, वाळवून, दम्याच्या एका कॉलेजातल्या पोरीला लावायला सिस्टरने हातात घेतला. साहेब राउंडला होते, मी सामान द्यायला आले होते. मावशीने मास्क सिस्टरच्या हातातून काढून घेतला आणि कापला.

"कुणाला विचारून?" साहेब ओरडले.

"तो म्हातारा ह्याच्यात दिवसरात्र खोकलाय. तोच ह्या पोरीच्या तोंडाला लावा, असं लिहून द्या. सही करा. मी लावते."

साहेब हसले. "वाचता तरी येतं का तुला?"

"मला नाय येत. ही वाचील."

तिने माझ्याकडे बोट केलं. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. नंतर धावत जाऊन पोरीसाठी कोरा मास्क आणला, तेवढंच काय ते केलं.

मावशी कंत्राटावर होती. तिला काढायला एक फोन पुरला.

मला राग आला तो आधी माझाच. त्या रविवारी मी तक्रारीची चार पानं लिहिली. केस चिकटलेल्या मास्कचं ते पाकीट मी ठेवून दिलं होतं, ते जोडलं. ते कुणी सील केलं, तिथे स्वतःचं नाव घातलं. ते सगळं जिल्ह्याच्या आरोग्य अधिकाऱ्यांकडे स्वतः नेऊन दिलं आणि पोच घेतली. तपासणी झाली तेव्हा साहेब शांतपणे म्हणाले, "हे आयांनी परस्पर केलं. आमचा तसा लेखी आदेशच नाही."

खरंच नव्हता. म्हणून तर ती मागत होती! इतके दिवस आम्ही तिच्या त्या बोलण्याला हसत आलो होतो, आम्ही शिकलेली माणसं.

मिरकरवाड्याला तिला भेटायला गेले तेव्हा ती कोळंबी सोलत होती. परत घ्या म्हणून मी अर्ज करू का, असं विचारलं.

"कशाक गो? हितं कोळंबी मेलेलीच येते. माझ्या हातून कोण मारवून घेत नाय."

हात थांबले नाहीत. मला बसायला पाट दिला तोही पायाने सरकवून.

तिला कामावर परत घेतलं नाही. साहेब अजून त्याच खुर्चीत आहेत. मी नोकरी सोडलेली नाही आणि सोडणारही नाही. सीलिंग मशीन स्टोअरमधून गेलं. आमच्या हॉस्पिटलात एकाने वापरलेला मास्क आता दुसऱ्याला लावत नाहीत.