रविवारी राज्य मागणारे आप्पा

आमचे आप्पा दर रविवारी राज्य मागायला जायचे. कोणी भाजी आणायला जातं ना, अगदी तसं. सकाळी पोहे खायचे, वरून मूठभर शेव, मग पांढरा झब्बा, एका हातात घडीची खुर्ची, काखेत कापडाचा बॅनर, की चालले टावर चौकात. बॅनरवर हिंदीत लिहिलेलं, इतका मोठा मध्यप्रदेश नको, त्याची छोटी राज्यं करा, आमचा माळवा आम्हाला द्या. ऊन चढेपर्यंत तिथे बसायचे. कोणी आलं तर बोलायचे, नाही आलं तर पेपर वाचायचे, आणि जेवायला घरी.

आप्पा माझे नात्याने कोणी नव्हते. नानाखेड्याला त्यांच्याच घरात वरच्या मजल्यावर आम्ही भाड्याने राहतो. आम्ही म्हणजे मी आणि माझी गुड्डी, कारण हे तिकडे आहेत, सिंगरौलीकडे, सरकारी शाळेत मास्तर. प्रदेश एकच, पण पार दुसऱ्या टोकाला, गाड्या बदलत बदलत यायला दीड दिवस लागतो. लग्न झालं आणि महिन्याभरातच ऑर्डर आली. मी आठवीपर्यंत शिकलेली, देवासची, मला तर हेच माहीत नव्हतं की मध्यप्रदेश इतका लांब जातो.

आप्पा बँकेतून रिटायर झालेले, बायको वारलेली, मुलगा पुण्याला. जिन्याखाली उभं राहून वर हाक मारायचे, "पोरी, जिवंत आहेस का?" मी म्हणायची, "आहे आप्पा." "मग चहा टाक." एकदा गुड्डीला ताप चढला आणि तिचे डोळेच फिरले, हातपाय ताठ, मी नुसती ओरडत जिन्यात उभी, मला काही सुधरेना. आप्पा तसेच बनियानवर आले, पोरीला उचललं, रस्त्याच्या मधोमध उभं राहून आटो थांबवला. डॉक्टरने सगळं ठीक आहे म्हटल्यावर मला म्हणाले, "आता रड. आधी रडून काय उपयोग होता?"

तर अशा माणसाची मला भीती वाटायची, हे कोणाला सांगू? आप्पांची नाही, त्यांच्या बॅनरची. ह्यांनी फोनवर बजावलेलं, "त्यांच्या त्या भानगडीत पडू नकोस, कुठे फोटोत येशील, माझी नोकरी सरकारी आहे." आणि वर एक दिवस ह्यांच्या शाळेतल्या कोणी सांगितलं, राज्य वेगळं झालं की जो जिथे आहे तो तिथेच राहतो, मग ट्रान्सफर विसरा. तेव्हापासून दर रविवारी आप्पा खुर्ची घेऊन निघाले की मला वाटायचं, आज कोणी ऐकलं यांचं तर?

ऐकत कोणी नव्हतं, ते सोडा. मी गुड्डीसाठी औषध घ्यायला गेली होती तेव्हा बघितलं, एक मोटरसायकलवाला थांबला, म्हणाला, "काका, पहले नाली तो साफ करवा दो, राज्य बाद में बना लेना." आप्पा पेपर खाली ठेवून म्हणाले, "अरे भिया, नाली वास्ते ही तो बना रिये हैं! तेरी नाली की फाइल कहाँ कहाँ घूम के आती है, पता है?" तो हसून गेला. आप्पाही हसले. मला बघून म्हणाले, "एवढा पसारा कोणाच्या बापाला आवरतो, सांग. छोटं राज्य असतं तर तुझा नवरा इतका दूर गेला असता का? माळवा होऊ दे, पोरगा घरी." मी मान हलवली. दुसरं काय करणार? आप्पा ज्याने ह्यांना घरी आणणार होते, त्यानेच हे तिकडे कायमचे अडकणार होते, आणि खरं काय ते मला कोण सांगणार!

गणपतीत आमच्या कॉलनीच्या मराठी मंडळात रांगोळी माझ्याकडे असते, माझा हात बरा आहे म्हणतात. त्या वर्षी आप्पांनी कमिटीला पटवलं की यंदा मोर नाही, कमळ नाही, नकाशा. जमिनीवर खडूने त्यांनी स्वतः अख्खा प्रदेश काढून दिला, आत रेघा मारल्या, म्हणाले, "माळवा पिवळा कर. विंध्य हिरवा. बाकी तुझ्या मनाने." मी बसली. पिवळा भरला, छान झाला. बुंदेलखंड, महाकोशलही भरले. मग हिरवा भरत भरत उजव्या कोपऱ्यात गेली, अगदी टोकाला, आणि तिथे माझा हात थांबला. तिथे हे होते. खोलीवर एकटे, खिचडी लावत असतील. मला काय झालं काय माहीत, मी पिवळी रांगोळी चिमटीत घेतली आणि माळव्यापासून तिथपर्यंत, सगळ्या राज्यांच्या मधून, एक बारीक पिवळी वाट ओढली. टोकाला एक गोल काढला, तोही पिवळाच.

आरतीला माणसं जमली. सेक्रेटरी काका वाकून बघत म्हणाले, "अगं वहिनी, हे काय? माळव्याला शेपूट फुटलं?" सगळे हसले. मला तर जमीन फाटून आत जावंसं वाटलं. आप्पा आरतीचं ताट घेऊन आले, चष्मा सरकवून बघितलं. म्हणाले, "शेपूट नाही रे. जावई आहे तिथे आपला. पुसायचं नाही कोणी." आणि आरती सुरू केली.

नंतर मांडवाच्या मागे पायरीवर प्रसाद खात बसलो होतो. आप्पा आपणहून म्हणाले, "माझा धाकटा भाऊ तिकडेच राहिला. छत्तीसगड वेगळं झालं तेव्हा तो रायपूरला सरकारी नोकरीला होता."

मी म्हटलं, "त्यांना विचारलं नाही का कोणी?"

"विचारलं ना. कुठे राहायचं ते विचारलं, त्याने इकडे म्हणून सांगितलं, आणि मग ठेवला तिकडेच."

मी मोदक खाली ठेवला. "म्हणजे ह्यांचंही तसंच होईल?"

"होऊ शकतं."

"मग तरी तुम्ही दर रविवारी कशाला जाता, आप्पा?"

त्यांनी बोटं चाटून घेतली. "एकत्र राहून तुझा नवरा तिकडे, वेगळं होऊन माझा भाऊ तिकडे. आता मी कुठे बसू, सांग? घरी बसलं की भिंती दिसतात." माझ्या डोळ्यात पाणी आलं तसे लगेच म्हणाले, "रडू नकोस गं, आपलं कोण ऐकतंय! एक म्हातारा आणि एक खुर्ची." हसवायला म्हणाले, पण स्वतः हसले नाहीत. पुढच्या रविवारी परत गेले. मीच पोहे करून दिले.

थंडीत त्यांच्या छातीत पाणी झालं. मुलगा पुण्याहून आला, दवाखान्यात ठेवलं. त्याच सुमारास ह्यांचा ट्रान्सफरचा अर्ज परत आला, नामंजूर, दुसऱ्यांदा. मी आप्पांना सांगणार नव्हती, पण गुड्डीला शेजारी ठेवून डबा घेऊन गेली तर त्यांनी तोंड बघूनच ओळखलं. "नाही झालं ना?" मी नाही म्हटलं. मुलगा औषधं आणायला खाली गेलेला. आप्पांनी माझा हात धरला, त्यांचा हात गरम लागत होता.

"पोरी, सगळ्या चौकाला विचारलं मी. तुला कधी विचारलंच नाही. तू सांग, व्हावं का वेगळं?"

मला आजपर्यंत असं कोणी विचारलं नव्हतं. कांदे आणू का, एवढंच विचारतात. मी म्हटलं, "आप्पा, मला त्यातलं काही कळत नाही. मला हे घरी पाहिजेत."

"ते मी नाही विचारलं," ते म्हणाले. मग डोळे मिटून थोडे थांबले, दम लागलेला. "नाही, नाही. तेच विचारलं. मग सांग, त्यासाठी मी काय मागू? एक की वेगळं?"

ते खरंच वाट बघत होते. जसं मी सांगीन आणि ते उठून मागायला जातील. मी मनात इकडून बघितलं, तिकडून बघितलं, एक म्हटलं तर हे तिकडे, वेगळं म्हटलं तर हे तिकडे, आणि ते माझा हात काही सोडेनात. तेवढ्यात नर्स आली, म्हणाली, "मिलने का टाइम खतम, बाहर चलिए." दुसऱ्या दिवशी मी डबा भरत होती तेव्हा मुलाचा फोन आला, डबा आणू नका म्हणून.