दाजींचा एक

आधी दाजींचं सांगते, मग माझं. आज मी प्रोग्राम लिहून पोट भरते ते त्यांच्यामुळे. पण हे त्यांच्यासमोर बोललं की ते उठून पाणी प्यायला जातात, म्हणून इथे लिहिते आहे.

दाजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान. इंदुरात सगळे जीजाजी म्हणतात. मी माणदेशातून आलेली, माझ्या तोंडी दाजीच. सुरुवातीला गल्लीतली पोरं मला चिडवायला "ओ दाजी" अशी हाक मारायची. मग अख्खी गल्लीच त्यांना दाजी म्हणायला लागली.

मी आले होते ताईच्या बाळंतपणाला. शाळा नववीतच सुटलेली. पुढची शाळा दोन गावं ओलांडून होती, आणि वडिलांच्या मते एवढं चालून जाण्यासारखं तिथे काही नव्हतं. ताईचं बाळ रांगायला लागलं आणि दाजींची मिल बंद पडली. ते मिलच्या ऑफिसात टायपिस्ट होते. जुनी इंदूर भागातल्या आमच्या दोन खोल्यांत त्यांनी एक जुना टाइपरायटर आणून ठेवला आणि लोकांचे इंग्रजी अर्ज टाइप करून द्यायला लागले. मला आता गावी धाडायचं, असं घरात चाललं होतं. गावी म्हणजे सरळ बोहल्यावर. दाजी म्हणाले, "छोटी, बस इथे. बोटं तरी कामाची होऊ देत."

त्यांची शिकवायची रीत एकच. माझ्या हातांवर टॉवेल टाकायचे. खाली बघायचं नाही, नजर कागदावर.

ताई आतून म्हणायची, "अहो, पोरीला आंधळी करता का?"

"बोटांना आपलं घर माहीत असतं," दाजी म्हणायचे. "सध्या तर पत्ता शोधून राहिलीत."

चार-सहा महिन्यांत माझी बोटं त्यांच्याइतकी धावायला लागली. तेव्हा शहरात पलासिया भागात दर दुसऱ्या जिन्यावर कॉम्प्युटर क्लासची पाटी लागत होती. दाजी मला टेम्पोत घालून तिथे घेऊन गेले. काउंटरवरच्या मुलीने शिक्षण विचारलं. मी खाली बघितलं. दाजी म्हणाले, "टायपिंग बघून घ्या हिचं, मग बोला." बघून घेतलं, आणि प्रवेश मिळाला. फी त्यांनी कुठून आणली ते मला आजही कोणी सांगत नाही.

आणि तिथे माझं काहीच चालेना.

पहिला खरा प्रोग्राम होता दोनचा पाढा छापायचा. एक ते दहा मोजायचं, दोनने गुणायचं, एवढंच. मी सगळ्यांच्या आधी टाइप करून मोकळी व्हायची आणि मशीन चुका दाखवायचं. डिक्शनरीत बघून मी त्या वाक्याचा अर्थ लावला: एक हे चिन्ह मला माहीत नाही. कॉम्प्युटरला एक माहीत नाही? बाजूच्या मुलाचं तसलंच मशीन तोच एक मुकाट्याने घेत होतं.

सर तरुण होते, दोन बोटांनी कळा शोधत टाइप करायचे. ते माझ्या खुर्चीवर बसले, माझीच ओळ पुसून तीच पुन्हा लिहिली, आणि पाढा धडाधड छापून आला. "देखो, चल रहा है ना? आप ध्यान नहीं देतीं मॅडम."

मी त्यांची ओळ वहीत उतरवून माझ्या ओळीशी ताडून बघितली. अक्षर न अक्षर तेच. त्यांच्या हातून चालतं, माझ्या हातून नाही. असं आठवडेच्या आठवडे झालं. मुळात मी घाबरट. मला वाटायला लागलं, की मशीनला कळतं समोर नववीवाली बसली आहे. हसू नका, मी खरंच एकदा क्लासच्या जिन्यात चप्पल काढून, पडद्याला नमस्कार करून बसायचं ठरवलं होतं.

शेवटी सरांनी सांगितलं: शनिवारी चाचणी. प्रोग्राम चालला नाही तर पुढच्या बॅचमध्ये पहिल्यापासून. दुसऱ्यांदा फी भरणं आमच्या घरात शक्यच नव्हतं. म्हणजे शनिवारनंतर गाव.

शुक्रवारी संध्याकाळी मी दारात बसून बटले, म्हणजे मटार, सोलत होते. दाजींकडे शेजारचे काका अर्ज करून घ्यायला आले होते, मिलच्या कताई खात्यातले. उभ्या उभ्या मजकूर सांगत होते.

"टोकन नंबर लिहा दाजी. एकशे अकरा. तीन डंडे मारा, बस."

"मारले."

"इतक्यात? बघा हां भिया, एखादा डंडा कमी पडला तर मी दुसराच माणूस होईन."

काका हसले. मी हसले नाही, कारण मी दाजींच्या हाताकडे बघत होते. अंकांची ओळ वर असते. हात वर गेलाच नव्हता. उजव्या करंगळीशेजारचं बोट जागच्या जागी तीनदा खाली आलं होतं, एल या अक्षरावर.

"दाजी, एक कुठे असतो?"

"कुठे म्हणजे? या मशीनला एकाची कळच नाही. दोनपासून सुरुवात. एक म्हणजे लहान एल. तुला पहिल्या आठवड्यातच शिकवलं ना?"

शिकवलं होतं. टॉवेलखाली, इतकं पक्कं की मी ते विसरूनही गेले होते. कागदावर दोन्ही सारखेच दिसतात, पडद्यावरही जवळपास तसेच. माझ्या बोटांना त्यांचं घर माहीत होतं, आणि ते घर जुन्या मशीनचं होतं.

मी सगळं सांगितलं. काकांना वाटलं आता मजा येईल, पण दाजींनी मशीनवरचा हात काढून घेतला. म्हणाले, "म्हणजे मीच बुडवलं तुला."

"बुडवलं कसलं? बटल्यांची उसळ होतेय, खाऊन घ्या," ताई म्हणाली.

सकाळी निघताना त्यांनी माझ्या त्याच बोटाला जखमेवरची चिकटपट्टी गुंडाळली. "एक लिहायचा असला आणि पट्टी कळेला लागली, तर थांब. हात वर ने." चाचणीत मी सगळ्यांत शेवटी उठले. प्रत्येक एकाशी थांबत होते, आणि या वेळी खाली बघत होते. पाढा आला, वीसपर्यंत, सरळ रांगेत. सरांनी विचारलं, "उंगली कट गई क्या?" मी हो म्हणाले.

पुढे आणखी बरंच अडलं, एका परीक्षेत तर नापासही झाले. पण मशीन मला ओळखून नाकारतं, असं पुन्हा कधी वाटलं नाही. कुठेतरी एखादा एल असणार, एवढं धरून बसायचं.

दाजी मात्र त्या दिवसापासून कॉम्प्युटरला हात लावत नाहीत. मी घरी आणला तर लांबून बघतात. "नको छोटी, माझी बोटं तुझं मशीन बिघडवतील."

दाजी, एक दिवस मी तुम्हाला त्याच्यासमोर बसवणार आहे. हातांवर टॉवेल मी टाकीन. तुम्ही तुमच्या सवयीने एल दाबा. एल म्हणजे एकच, असं समजणारा प्रोग्राम मी तुमच्यासाठी लिहीन.