त्यानं मला सांगितलं होतं

सेतुअण्णा गेल्याची तार मला शाळेत मिळाली. शिक्षकांच्या खोलीत मी उत्तरपत्रिका तपासत बसले होते. शिपायानं तार हातात दिली, मी वाचली, घडी करून पर्समध्ये ठेवली आणि पुढची उत्तरपत्रिका ओढली. दोन-तीन ओळी तपासल्यावर लक्षात आलं की काय वाचतेय ते मला कळतच नाहीये. शेजारच्या बाईंनी विचारलं, "कोण होते तुमचे?" मी म्हणाले, "मावसभाऊ." एवढंच नातं होतं, खोटं काहीच नव्हतं. पण तो शब्द उच्चारताना मला वाटलं, आपण एखाद्या लांबच्या माणसाबद्दल बोलतोय... पुण्याहून मद्रास, मद्रासहून कुंभकोणम्. रजा मंजूर होऊन पोचले तोवर दहावा होऊन गेला होता. वैनी मागच्या ओसरीवर बसल्या होत्या. मला पाहून रडल्या नाहीत. "गाडीत बसायला जागा मिळाली कां?" एवढंच विचारलं.

आमची घराणी तंजावरच्या राजांबरोबर कधीकाळी दक्षिणेत गेली आणि तिथलीच झाली. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ. मी लग्न होऊन पुण्याला आले तेव्हा माझं 'मज', 'तुज', 'कोठें' ऐकून सासरची मंडळी तोंडाला पदर लावत. ती मराठी मी शेवटची मनमुराद बोलले ती सेतुअण्णांच्या घरी. वडील वारल्यावर मला कुंभकोणमच्या मुलींच्या शाळेत नोकरी लागली आणि लग्न होईपर्यंत मी त्यांच्याकडे राहिले. सेतुअण्णा तिथल्या कॉलेजात तर्कशास्त्र शिकवत आणि वसतिगृहाचे वॉर्डन होते. वसतिगृहाला लागूनच त्यांचं घर, मागे कावेरीचा उतार. घरात अण्णा, वैनी आणि त्यांची मुलगी सरू. लग्नानंतर बरीच वर्षं मूल नव्हतं. वैनींनी तिरुक्करुगावूरच्या अंबाळला नवस केला, तिथलं मंतरलेलं तूप खाल्लं, आणि मग सरू झाली. त्यामुळे सरूला लाडानं 'तुपातली' म्हणत.

सेतुअण्णा मुलांना आवडत नसत, हे आधी सांगून टाकते. मेल्यावर माणूस एकदम प्रेमळ होतो, तसं मला त्यांचं करायचं नाही. उंच, काटकुळा देह, कडक इस्तरीची वेष्टी, म्हणजे तिकडचं धोतर, आणि बोलणं असं की समोरच्याला आपण वाक्यात कुठंतरी चुकलोय असं वाटावं. सकाळी ते वसतिगृहाच्या ओळीतून फिरत तेव्हा खोल्याखोल्यांतली कुजबुज थांबे. परीक्षा जवळ आली की मुलांची पोटं दुखतात, डोकी चढतात, यावर त्यांचा ठाम विश्वास होता. "आजार हा सिद्धांत आहे," ते म्हणत, "त्याला पुरावा लागतो." कपाळावर हात ठेवायचा, जीभ पाहायची, आणि बहुतेक वेळा म्हणायचं, "जा वर्गात." आणि बहुतेक वेळा त्यांचंच खरं निघे. तेच वाईट झालं.

नटराजन त्याच तिरुक्करुगावूरचा. शेतकऱ्याचा मुलगा, घराण्यात पहिलाच कॉलेजात आलेला. इंग्रजी तासाला त्याला घाम फुटायचा, म्हणून अण्णांनी त्याला संध्याकाळी माझ्याकडे पाठवायला सुरुवात केली. तो कधी आत येत नसे, बाहेरच्या कट्ट्यावरच बसे. सुट्टीहून परतताना वैनींसाठी अंबाळचं कुंकू आणि सरूसाठी ताडगोळे आणायचा. सहामाही परीक्षेच्या दिवसांत एका सकाळी तो पोटाला हात लावून अण्णांसमोर उभा राहिला. मी डबा भरत होते, मला सगळं ऐकू येत होतं. आदल्या दिवसापासून दुखतंय, उलटी झाली, असं तो म्हणाला. अण्णांनी कपाळाला हात लावला, ताप नव्हता. पेपर कशाचा आहे विचारलं. इंग्रजीचा होता. अण्णा हसले... रागावले असते तर बरं झालं असतं असं नंतर ते स्वतःच म्हणत. म्हणाले, "तुझं पोट व्याकरणाला घाबरतं आहे. जा, लिही, मग ये." तो गेला. पेपरही लिहिला. बाकावरून उठताना कोसळला. जटक्यात, घोड्याच्या गाडीत, घालून त्याला इस्पितळात नेलं, पण आतडं आतल्या आत फुटलं होतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो गेला. अण्णा रात्रभर इस्पितळातच होते. घरी आले ते अंघोळ करून देवासमोर बसले, पण तोंडातून मंत्र निघेना.

अंत्यसंस्कारानंतर पेटी न्यायला त्याचे वडील आले ते सरळ आमच्या घरी. मुलगा इथंच शिकायला बसायचा हे त्यांना ठाऊक होतं. त्याआधी प्रिन्सिपॉलांनी अण्णांना बोलावून समजावलं होतं, की मुलानं कुणाजवळच तक्रार केली नव्हती एवढं सांगितलं म्हणजे पुरे, बापाच्या जिवालाही तेच बरं. अण्णा ते ऐकून परत आले होते. वडील कट्ट्यावर बसले. काळा, रापलेला माणूस, खांद्यावर पंचा, हात गुडघ्यांवर. वैनींनी ताक आणून ठेवलं, त्याला त्यांनी हात लावला नाही. तमिळमध्ये त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"सामी, इतकं दुखत होतं तर त्यानं कुणाला सांगितलं नाही का?"

अण्णा उभे होते. ते खाली, त्यांच्या शेजारी कट्ट्यावर बसले. "सांगितलं होतं," ते म्हणाले. "त्यानं मला सांगितलं होतं. मी खोटं समजलो. पेपर लिहायला पाठवलं."

मला वाटलं, आता हा माणूस यांना मारणार. वैनींनी सरूला आत ओढलं. वडिलांनी खांद्यावरचा पंचा काढून गुडघ्यांवर घेतला. मग म्हणाले, "लहानपणीसुद्धा पोट दुखतं म्हणायचा. भातलावणीच्या दिवसांत. मीही खोटारडा म्हणायचो त्याला... मी तर मारलंही आहे." दोघंही रडले नाहीत. थोड्या वेळानं वडिलांनी पोराची पेटी डोक्यावर घेतली आणि ते बसकडे चालू लागले. अण्णा त्यांच्यामागून गेले. बस हलेपर्यंत अण्णा तिथंच उभे होते, असं आमच्या गल्लीतल्या कॉफीवाल्यानं मला सांगितलं.

त्यानंतर सेतुअण्णांनी प्रिन्सिपॉलांकडे दोन गोष्टी मागितल्या. आठवड्यातून एकदा डॉक्टर यावा आणि आजारी मुलांसाठी वसतिगृहात एक खोली असावी. "हे कॉलेज आहे, सेतुराव, इस्पितळ नव्हे," असं उत्तर मिळालं. अण्णा घरी आले आणि त्यांनी आमच्या पुढच्या खोलीतली आपली पुस्तकं आत हलवली. तिथं दोन बाजा टाकल्या. ज्याला बरं वाटत नाही त्यानं वॉर्डनच्या घरी येऊन झोपायचं, एवढाच नियम. कपाळाला हात लावणं त्यांनी सोडून दिलं. कुणी आला की फक्त विचारत, "कोठे दुखतं?" आणि तो दाखवील तिथं दुखतं असं मानत. गावातले एक म्हातारे डॉक्टर त्यांचे स्नेही होते, ते येऊन पाहून जात. वैनी तांदळाची पेज करत, लिंबाचं लोणचं देत. गंमत म्हणजे पोरांनी लवकरच ओळखलं की वॉर्डनकडे झोपायला मिळतं, पेज मिळते आणि तास चुकतो. एक धडधाकट मुलगा तर महिन्यातून तीनदा येऊ लागला. मी चिडून म्हणाले, "अण्णा, तो सोंग करतो हें तुम्हांस दिसत नाहीं कां?"

"दिसतं."

"मग?"

"सोंग असलं तर त्याचा एक तास बुडेल," अण्णा म्हणाले. "सोंग नसलं तर?"

मी पेजेची वाटी उचलली आणि पुढच्या खोलीत नेऊन दिली.

ऐप्पसीचा, म्हणजे आश्विन-कार्तिकातला, पाऊस सुरू झाला, कावेरी गढूळ झाली, वसतिगृहाच्या विहिरीत कुठून तरी घाण उतरली. मुलं तापानं पडू लागली. तो मुदतीचा ताप होता, टायफॉइड. दोन बाजांच्या चार झाल्या. बाकीच्यांना गावी पाठवलं, पण ज्यांची गावं पाण्यात होती ती आमच्याकडेच राहिली. वैनी दिवसभर पाणी उकळत असत. सरूला त्या खोलीत जायला बंदी होती. पण ती तेव्हा जेमतेम शाळेत जाऊ लागलेली, आणि त्या मुलांतला एकजण तिला कागदाच्या होड्या करून द्यायचा. ती दारात उभी राहून त्याच्याशी गप्पा मारे. कधी आत गेली, कुणाचा पेला उचलला, कुणास ठाऊक. ताप चढला तेव्हा आम्हाला पावसातली सर्दी वाटली. नवीन औषध मद्रासहून मागवलं, आलंही, पण तोवर तिच्या आतड्यांतून रक्त जाऊ लागलं होतं. खोलीतली सगळी मुलं वाचली. सरू वाचली नाही. ज्यानं तिला होड्या करून दिल्या तो मुलगा बरा होऊन गावी निघाला, तेव्हा वैनींच्या पाया पडायला आला. वैनींनी पाय मागे घेतले.

त्या घरात नंतर ओरडाआरडा झाला नाही. झाला असता तर मला सोसला असता. चूल पेटायची, पानं मांडली जायची. एके दिवशी जेवताना वैनी वाढायचं थांबून म्हणाल्या, "तुमचीं मुलं आतां माझ्या घरांत आणूं नका." अण्णा म्हणाले, "बरं." वैनी म्हणाल्या, "मज ठाऊक आहे तुमचं काय चुकलं नाहीं तें. तरी आणूं नका." अण्णा पुन्हा "बरं" म्हणाले आणि पानावरचं संपवून उठले. दुसऱ्या दिवशी ते प्रिन्सिपॉलांच्या दारात जाऊन बसले. या वेळी त्यांना मागावं लागलं नाही. वसतिगृहाच्या टोकाला भातपोत्यांची कोठी होती, ती रिकामी करून मिळाली. डॉक्टरही मिळाला. पुढं कुणी मोठे पाहुणे आले असताना त्या कोठीचं रीतसर उद्घाटन झालं, हारतुरे झाले, कॉलेजला विद्यार्थ्यांची किती काळजी आहे यावर भाषणं झाली. अण्णा त्या वेळी नदीवर अंघोळीला गेले होते. एका पोराच्या आणि एका पोरीच्या बदल्यात एक डॉक्टर आणि एक कोठी, असं ते मला एकदाच म्हणाले. त्यांच्या तोंडून ऐकलेलं तेवढं एकच कडवट वाक्य.

मग माझं लग्न झालं. दर वर्षी-दोन वर्षांनी मी जाऊन येत असे. अण्णा दिवसाचा बराचसा वेळ त्या कोठीतच असत, तिथंच उत्तरपत्रिका तपासत, तिथंच डबा खात. वैनी डबा भरून देत, पण त्या कोठीच्या बाजूला कधी फिरकल्या नाहीत. दोघांच्यात भांडण नव्हतं. पण नवराबायको जी साधी बडबड करतात, भाजी महाग झाली, शेजारणीची सून आली, ती संपली होती. गेल्या खेपेला मी अण्णांना म्हणाले, "थोडं घरींही बसत जा." ते म्हणाले, "घरीं तिला माझ्याकडे पाहावं लागतं, इंदू."

ते कसे गेले ते मला त्यांच्या एका सहकाऱ्यानं सांगितलं. त्या सकाळी ते मधूनमधून छाती चोळत होते, हे मुलांनी पाहिलं होतं. कोठीत दोन मुलं झोपलेली होती, डॉक्टरही येऊन गेला. त्यानं मुलांना पाहिलं, गोळ्या दिल्या. अण्णा शेजारच्याच खुर्चीत बसले होते, पण ते स्वतःबद्दल काही बोलले नाहीत. दुपारी मुलांपैकी एकाला वाटलं, सर बसल्या बसल्या झोपलेत. आयुष्यातली इतकी वर्षं ज्यानं प्रत्येकाचं दुखणं खरं मानलं, त्यानं आपलं सांगितलंच नाही. मला याचा राग येतो. अजून येतो.

तेराव्यानंतर वैनी म्हणाल्या, "चल." कुठं ते सांगितलं नाही. वसतिगृहाच्या ओळीतून चालताना मुलं बाजूला सरून उभी राहिली. वैनी कोठीच्या दारात थांबल्या, मग पहिल्यांदाच आत गेल्या. आत अंधार होता, फिनेलचा आणि जुन्या भाताचा वास एकमेकांत मिसळलेला. एका बाजेवर एक मुलगा भिंतीकडे तोंड करून पडला होता. वैनींनी चारी भिंती नीट पाहिल्या. मला वाटलं, आता त्या रडतील. त्या म्हणाल्या, "हिला खिडकी नाहीं." मग पुन्हा, जरा रागानं, "इतकी वर्षं बसले इथें. यांस कधी सुचलंच नाहीं कां?"

मी परत निघाले त्या सकाळी निरोप घ्यायला गेले, तर वैनी घरात नव्हत्या. कोठीच्या मागं सापडल्या. गवंडी छिन्नीनं भिंत फोडत होता, विटांची लाल पूड त्यांच्या पांढऱ्या लुगड्यावर बसत होती. वैनी उन्हात उभ्या राहून त्याला तमिळमध्ये सांगत होत्या, "इतकी उंच नको. खाली घे, आणखी खाली. निजलेल्याला बाहेरचं दिसायला हवं."

मी 'येते' म्हणाले. त्यांनी मान हलवली, पण नजर भिंतीवरून काढली नाही.