मुखरूभाऊचे आठ कम्प्युटर

नागभीडकडच्या मुलींच्या एका शाळेत शिपाई होण्याआधी मुखरूने वीस वर्षे गावची ढोरे राखली. शंभर ढोरांत कोणते कोणाचे हे तो लांबूनच सांगायचा, आणि त्याचा तोरा अजून उतरला नव्हता. शाळेत आठ कम्प्युटर आले तेव्हा त्याने सगळ्यांचे बारसे उरकले. पडद्यांच्या पाठीवर पांढऱ्या रंगाने गाईंची नावे लिहिली: कपिली, मोरी, चांदी, पवळी. मुली आधी हसल्या, मग मोरीसाठी भांडू लागल्या.

कम्प्युटरवरची परीक्षा चार दिवसांवर आली आणि घोळ कळला. परीक्षा केंद्राला आठ कम्प्युटर लागत होते. जिल्ह्याच्या यादीत शाळेचा एकच दिसत होता. त्याच दुपारी चारपर्यंत यादी सुधारली नाही तर केंद्र चंद्रपूरला जाणार होते. तिकडे निम्म्या मुलींना घरचे धाडणार नव्हते. त्यांत मुखरूची लेक चंचलही होती. बाप तयार होता, आजी अडून बसली होती.

मुख्याध्यापिका इंदुताईंनी दुरुस्तीवाल्या प्रफुलला फोन लावला, तेव्हा उलगडा झाला. पावसाळ्यात डिस्क बिघडल्या तेव्हा त्याने एक नीट भरली आणि तिचीच नक्कल बाकी सात कम्प्युटरच्या डब्यांत घातली होती. नकलेबरोबर तिचा ओळख-नंबरही सातांत उतरला. आता आठही कम्प्युटर जिल्ह्याला एकच नंबर सांगत होते.

"मंग मुखरूभाऊच्या नावाईनं यादी देऊ," इंदुताई म्हणाल्या.

मुखरूचे तोंड उतरले. दिवाळीच्या साफसफाईत त्याने सगळे पडदे काढून पुसले होते आणि हाती येईल तो डब्याला जोडला होता.

"बाई, म्या घंटीवर नाव लेहलं," तो ओशाळून म्हणाला. "घंटी कोणाच्याबी गळ्यात घालता येते. ढोराच्या अंगावरचा केसाईचा भोवरा पाहा लागते. प्रफुलले विचारा, या डब्याच्या अंगावर जन्मापासूनचं काई हाये का?"

"हाये," फोनवरून प्रफुल म्हणाला. "मदरबोर्डात कारखान्यानं टाकलेला नंबर. डिस्क बदला, पडदा बदला, तो तसाच राह्यते."

प्रफुल सांगत गेला तसा इंदुताईंनी एकेका कम्प्युटरचा तो नंबर काढला. मुखरूने प्रत्येक दोनदा वाचला. एकही दुसऱ्यासारखा नव्हता. इंदुताईंनी ते नंबर जिल्ह्याला धाडले. पावणेचारला यादीत आठ दिसले, तेव्हा त्याने उपरण्याने डोळे पुसले.

"आता ते नावं पुसून टाका, भाऊ."

"पुसतो. डब्यावर लेहतो."

"नंबर असताना?"

"नंबर सायबाले, बाई. पोरीईले हाक माराले नाव पाह्यजे."

शनिवारी चंचलला मोरी मिळाली. पेपर सुटेपर्यंत तिची आजी शाळेच्या फाटकाशी बसून होती.